पावती कोणाच्या नावाची?
(शेक्सपिअरच्या कर्तृत्वावरील वादासंबंधी एका वाणिज्य विद्यार्थ्याचे मत)

बी. कॉम., द्वितीय वर्ष

शेक्सपिअरची नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे अखंड चालू आहे. या पंथात वेडगळ माणसे आहेत, तशी मोठी माणसेही आहेत. अमेरिकेचा विनोदी लेखक मार्क ट्वेन याने १९०९ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिले. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड उतारवयात याच मताचा झाला होता. २०११ साली 'अनॉनिमस' नावाचा एक चित्रपटही निघाला आणि त्यात स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअरला जवळजवळ निरक्षर नट म्हणून दाखविण्यात आले. तेव्हा हा वाद 'हे सारे रिकामटेकड्यांचे उद्योग' असे म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या वादात तोंड घालावे काय, असा प्रश्न आमच्या साहित्याच्या प्राध्यापकांना पडेल. त्यांची क्षमा मागून सांगतो की हा वाद मुळात साहित्याचा नाहीच. 'हॅम्लेट' चांगले की 'किंग लिअर', हा साहित्याचा प्रश्न झाला. 'हॅम्लेट' कोणाच्या नावे जमा करायचे, हा खतावणीचा प्रश्न आहे. आणि कोणती रक्कम कोणाच्या खाती, कोणत्या आधाराने मांडली, हे तपासायला तर आम्हाला ऑडिटिंगच्या तासाला शिकवतात. नोंद आहे, तर तिच्यामागे व्हाउचर आहे काय? व्हाउचर आहे, तर ते त्याच काळातले आहे काय? देणारा, घेणारा आणि लिहिणारा यांचे परस्परांशी जुळते काय? एवढे तीन प्रश्न घेऊन मी या वादाकडे पाहणार आहे.

प्रथम शंकेखोरांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ते म्हणतात : विल्यम शेक्सपिअर हा स्ट्रॅटफर्ड नावाच्या लहान बाजारगावचा, कातडी हातमोजे करून विकणाऱ्याचा मुलगा. २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. तो विद्यापीठात गेला नाही. परदेशी गेल्याचा दाखला नाही. अठराव्या वर्षी लग्न, एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत तीन मुलांचा बाप. पुढे लंडनला जाऊन नट झाला, पैसे मिळवले, गावी मोठे घर घेतले, दशांश कराच्या उत्पन्नात ४४० पौंड गुंतवले, माल्टच्या थकबाकीसाठी एका औषधविक्यावर दावा लावला आणि १६१६ साली वारला. त्याच्या हातचे एकही पत्र नाही. निर्विवादपणे त्याच्या मानल्या गेलेल्या सह्या सहा, त्याही वेड्यावाकड्या. मृत्युपत्रात बायकोला 'दुय्यम प्रतीचा पलंग' दिल्याचा उल्लेख आहे, पण पुस्तकांचा किंवा नाटकांचा नाही. असला हिशेबी माणूस राजांच्या अंतःकरणात शिरणारी, कायदा आणि इतिहास यांचे दाखले देणारी, इटलीच्या शहरांत घडणारी नाटके लिहील कसा?

मग कोणी लिहिली? या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत. डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनी १८५७ साली जाडजूड ग्रंथ लिहून ही नाटके सर फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या वर्तुळातील लोकांची आहेत असे प्रतिपादले. पुढे इग्नेशियस डॉनेली याने १८८८ साली नाटकांच्या मजकुरात गुप्त लिपी दडली असल्याचा शोध लावला. १९२० साली टॉमस लोनी या इंग्रज शाळामास्तराने बेकनला बाजूस सारून ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हीअर याला गादीवर बसविले. आज शंकेखोरांमध्ये याच अर्लची चलती आहे. कोणी मार्लोचे नाव घेतो, कोणी आणखी एखाद्या उमरावाचे. 'तो नव्हता' यावर सर्वांचे एकमत. 'मग कोण' म्हटले की ज्याचे त्याचे घोडे वेगळे.

यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. मृत्यूनंतरची दोनशेहून अधिक वर्षे कोणी जाहीर शंका घेतल्याचे दिसत नाही. अठराव्या शतकातच एका पाद्र्याने शंका घेतली होती असे दाखवणारा एक कागद विसाव्या शतकात पुढे आला खरा. पण जेम्स शापिरो यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो कागदच बनावट असल्याचे दाखवून दिले. जे लोक शेक्सपिअरबरोबर रंगभूमीवर उभे राहिले, त्याच्याशी भांडले, त्याच्यावर जळले, त्यांना जी शंका आली नाही, ती एकोणिसाव्या शतकात का यावी? मला वाटते, मध्यंतरी शेक्सपिअरचा देव झाला होता. नट डेव्हिड गॅरिकने १७६९ साली स्ट्रॅटफर्डला त्याचा उत्सवच मांडला. आणि देव एकदा झाला, की त्याने माल्टच्या उधारीसाठी कोर्टात जावे हे भक्तांना सोसत नाही. मग एक तर कोर्टाचे कागद नजरेआड करायचे, नाही तर दुसरा देव शोधायचा. दुसरे असे की, कवी आपल्या काव्यात आपलेच चरित्र लिहितो, ही समजूतही त्याच सुमाराची. राजपुत्रावर लिहायचे तर राजवाड्यात वाढलेले असावे लागते, असे एकदा गृहीत धरले की हातमोजेवाल्याच्या मुलाचा नंबर आपोआप कापला जातो.

पण तो मुलगा अडाणी होता काय? स्ट्रॅटफर्डला ग्रामर स्कूल होते. त्याचा बाप त्या गावचा ऑल्डरमन, १५६८ साली तर बेलिफ, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्षच. अशा माणसाच्या मुलाला त्या शाळेचे दार उघडे होते. त्या काळचे हजेरीपट उरलेले नाहीत, म्हणून 'तो शाळेत गेला याचा पुरावा नाही' असे म्हणतात. पण मग त्या वर्षांतला गावातला कोणताच मुलगा शाळेत गेला नाही असे म्हणावे लागेल. या शाळांत लिलीचे लॅटिन व्याकरण घोकून घेत आणि ओव्हिडसारखे कवी शिकवीत. 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकात एक प्रवेश आहे. एक गुरुजी एका पोराला लॅटिन विभक्त्या विचारतात, पोरगे अडखळते आणि शेजारची बाई भलतेच अर्थ लावून हसवते. त्या पोराचे नाव विल्यम! याच नाटकात एका दाढीला हातमोजेवाल्याच्या गोल सुरीची उपमा दिलेली आहे. उमरावाच्या घरी हातमोजे वापरत असतील. ती सुरी कशी दिसते हे कारखान्यात वाढलेल्या पोरालाच चटकन सुचणार.

राहिला इतिहास. रोमन नाटकांची कथा त्याने प्लूटार्कच्या चरित्रांतून घेतली आणि ती चरित्रे नॉर्थने १५७९ सालीच इंग्रजीत आणली होती. इंग्लंडच्या राजांची माहिती हॉलिनशेडच्या बखरीत छापलेली होती. प्लूटार्कची १५९५ सालची आवृत्ती ज्या रिचर्ड फील्डने छापली, तो स्ट्रॅटफर्डचाच. शेक्सपिअरचे 'व्हीनस अँड अडोनिस' हे पहिले छापील काव्यही १५९३ साली याच फील्डने छापले. ज्याच्या गावचा माणूस लंडनला छापखाना चालवतो, त्याला पुस्तके पाहायला मिळण्यासाठी अर्ल असण्याची गरज नाही.

आणि कायद्याचे ज्ञान? शंकेखोरांच्या मते ते वकिलालाच असू शकते. हे म्हणणाऱ्याने आमच्या सीमाभागात एक महिना येऊन राहावे. आमच्याकडे ज्याने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही असा शेतकरीही उतारा, वहिवाट, कूळ, दावा, जप्ती, मुदत, तारीख हे शब्द बिनचूक वापरतो. त्यातले निम्मे मराठीतून, निम्मे कानडीतून, आणि वकिलापुढे बसला म्हणजे एखादा इंग्रजीतूनही. हे ज्ञान त्याला विद्यापीठाने दिलेले नसते, बांधाच्या भांडणाने दिलेले असते. शेक्सपिअरच्या घराण्याने जमिनीचे आणि पैशाचे खटले पुरेसे पाहिले होते. तेव्हा त्याच्या नाटकांत कायद्याचे शब्द आले नसते तरच नवल.

येथे मी एक गोष्ट सांगितली नाही तर माझ्या या विषयातील आस्थेचे कारण कळणार नाही. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी इंग्रजीत निबंध पाठवला होता. तो तिघांच्या यादीत आला. बक्षीस देण्यापूर्वी परीक्षकांपैकी एकांनी मला बोलावून, माझी शाळा कोणती, माध्यम कोणते, वडील काय करतात हे विचारले. आणि नंतर शांतपणे, 'हा कोणी लिहून दिला?' असे विचारले. निबंधातील एकही वाक्य काढून त्यांनी त्याचा अर्थ मला विचारला नाही. तेवढे विचारले असते तर मी आनंदाने सांगितला असता. मराठी शाळेतून आलेल्या, बाजारात कानडी आणि घरी मराठी बोलणाऱ्या अनेक मुलामुलींना हा प्रश्न केव्हा ना केव्हा विचारला गेला आहे. कन्नड विभागाच्या पानांवर लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनाही तो चुकलेला नाही. हा प्रश्न लिखाण पाहून येत नाही, लिहिणाऱ्याचे घर पाहून येतो. तुकोबांसारख्या वाण्याच्या मुलाने वेदांचा अर्थ सांगावा हे ज्यांना खपले नाही, त्यांनी वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. साहेबांच्या देशात वह्या बुडवल्या नाहीत. वह्या ठेवून नाव तेवढे बुडवायचा प्रयत्न झाला.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. हातमोजेवाल्याचा मुलगा आपल्यासारखा आहे म्हणून नाटके त्याचीच, असे जर मी म्हणू लागलो, तर माझ्यात आणि अर्लच्या भक्तांत फरक तो काय राहिला? त्यांना लेखक उमराव हवा आहे, मला गरिबाघरचा हवा आहे. दोघेही आपापल्या हौसेने नोंद करणार. शिवाय सगळे शंकेखोर काही उमरावांचे भाट नव्हते. मार्क ट्वेन स्वतः छापखान्यात खिळे जुळवून आणि बोटीवर काम करून वर आलेला होता. तेव्हा सहानुभूती बाजूला ठेवून व्हाउचरे काढू.

पहिले व्हाउचर राणीच्या खजिन्यातले. १५९४ च्या नाताळात राणीपुढे केलेल्या दोन खेळांबद्दल मार्च १५९५ मध्ये वीस पौंड दिल्याची नोंद आहे आणि पैसे घेणारे म्हणून विल्यम केम्प, विल्यम शेक्सपिअर व रिचर्ड बर्बेज ही तीन नावे आहेत. म्हणजे तो त्या नाटक मंडळीत केवळ पगारी नट नव्हता, जबाबदार माणूस होता. दुसरे १५९८ चे. फ्रान्सिस मेअर्स याने आपल्या ग्रंथात शेक्सपिअरची वाखाणणी करून त्याच्या बारा नाटकांची नावे दिली आहेत. गंमत अशी की, याच मेअर्सने विनोदी नाटके लिहिण्यात श्रेष्ठ असलेल्यांच्या यादीत ऑक्सफर्डच्या अर्लचेही नाव घातले आहे आणि शेक्सपिअरचेही. एकाच यादीत दोन स्वतंत्र नावे! लिहिणाऱ्याच्या लेखी तरी ती दोन खाती होती.

तिसरे व्हाउचर मला सर्वांत आवडते. दरबारातील करमणुकीचा हिशेब ठेवणाऱ्या कचेरीच्या १६०४-०५ च्या वहीत कोणत्या दिवशी कोणते नाटक झाले आणि ते रचणारा कवी कोण, असा रकाना आहे. 'मेझर फॉर मेझर', 'कॉमेडी ऑफ एरर्स', 'मर्चंट ऑफ व्हेनिस' यांच्यापुढे 'शॅक्सबर्ड' असे नाव लिहिले आहे. स्पेलिंगचे तीनतेरा वाजले आहेत, पण माणूस कोण याविषयी कारकुनाला शंका नाही. ही वही बनावट आहे असाही आरोप एकेकाळी झाला होता. तपासणीअंती ती अस्सल ठरली. कारकुनाला कोणाचे कर्तृत्व सिद्ध करायचे नव्हते. त्याला हिशेब पुरा करायचा होता. म्हणूनच त्याची साक्ष कवीच्या स्तुतीपेक्षा मला मोलाची वाटते.

चौथे मार्च १६१३ चे. रटलंडच्या अर्लच्या घरच्या जमाखर्चात नोंद आहे, की अर्लच्या ढालीवरील बोधचिन्हाच्या कामाबद्दल शेक्सपिअरला चव्वेचाळीस शिलिंग सोन्यात दिले आणि ते रंगवून तयार करण्याबद्दल रिचर्ड बर्बेजला तेवढेच दिले. रंगवण्याचे काम बर्बेजचे. मग शेक्सपिअरला पैसे कशाचे? साहजिकच कल्पनेचे आणि शब्दांचे. ज्याला लिहिताच येत नाही त्याला रोख सोने मोजून शब्द विकत घ्यायला जाणारा उमराव निराळाच म्हटला पाहिजे.

आता जुळणी पाहा. नट शेक्सपिअर आणि स्ट्रॅटफर्डचा गृहस्थ एकच कशावरून? वंशचिन्हांच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने, असल्या हलक्यासलक्या लोकांना कुलचिन्हे दिली म्हणून आपल्याच वरिष्ठावर तक्रार केली. त्या १६०२ च्या सुमाराच्या कागदात त्याच घराण्याच्या चिन्हाखाली 'शेक्सपिअर, नट' असे टिपले आहे. स्ट्रॅटफर्डच्या मृत्युपत्रात बर्बेज, हेमिंग्ज आणि काँडेल या तीन सहकाऱ्यांना अंगठ्यांसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. हा मजकूर ओळींच्या मध्ये घातला आहे म्हणून शंकेखोर कपाळाला आठ्या घालतात; पण पलंगाची ओळही तशीच मध्ये घातलेली आहे आणि तिच्यावर मात्र त्यांचा पूर्ण विश्वास! याच हेमिंग्ज आणि काँडेल यांनी १६२३ साली छत्तीस नाटकांचा संग्रह काढला. त्यातली अठरा तोपर्यंत छापलीच नव्हती. आपल्या मित्राची आठवण राहावी म्हणून हे करतो, असा त्यांचा भाव आहे. त्याच ग्रंथात बेन जॉन्सनने त्याला एव्हन नदीचा हंस म्हटले. स्ट्रॅटफर्ड त्याच नदीकाठी आहे. हाच जॉन्सन आपल्या खाजगी टिपणवहीत मात्र कुरकुरतो, की नट लोक म्हणतात हा लिहिलेले कधी खोडत नसे. हजार ओळी खोडल्या असत्या तर बरे झाले असते! ही टिपणे जॉन्सन मेल्यावर छापली गेली. छापील स्तुती खोटी असू शकेल. पण गुपित राखणारा माणूस आपल्याच वहीत कोणाच्या नावाने कुरकुरेल? शिवाय हा जॉन्सन म्हणजे गवंड्याच्या घरात वाढलेला, विद्यापीठाची रीतसर पदवी न घेतलेला आणि तरी त्या काळचा मोठा विद्वान. मार्लो चांभाराचा मुलगा. त्या काळची इंग्रजी रंगभूमीच मुळी कारागिरांच्या पोरांनी उभी केलेली आहे.

नाटक मंडळी हा धंदा कसा चालतो हेही ध्यानात घेतले पाहिजे. १५९९ साली ग्लोब थिएटर उभे राहिले तेव्हा निम्मी मालकी बर्बेज बंधूंची आणि निम्मी पाच नटांची होती; त्यांतला एक शेक्सपिअर, म्हणजे दहावा हिस्सा त्याचा. ही भागीदारी होती. भागीदार रोज एकमेकांना भेटतात, तालमी करतात, कोणाला काय झेपते ते ओळखतात. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या १५९९ च्या छापील प्रतीत नोकराच्या प्रवेशाला पात्राचे नाव देण्याऐवजी चुकून विनोदी नट 'विल केम्प' याचेच नाव पडले आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्र नव्हते, नट होता. पुढे केम्प मंडळी सोडून गेला, त्याच्या जागी रॉबर्ट आर्मिन आला आणि विदूषकांची जातच बदलली. धांदरट, आडदांड विनोदाच्या जागी गाणारा, शहाणा, कडवट बोलणारा विदूषक आला. हे महालात बसून चोरून लिहिणाऱ्याला जमणार नाही. त्यासाठी पडद्यामागे वावरावे लागते. आणि दोन दशके चाललेल्या या धंद्यात भागीदार, पगारी नट, बायकांची कामे करणारी पोरे, छापखानेवाले यांपैकी एकानेही हे गुपित फोडू नये, हे तर नाटकातही पटणार नाही. आमच्या वर्गातले गॅदरिंगचे नाटक कोणते, हे गुपितसुद्धा दोन दिवस टिकत नाही!

हस्तलिखिते का नाहीत? कारण नाटक मंडळीला विकले की ते मंडळीचे झाले. लेखकाच्या हक्काचा पहिला कायदा इंग्लंडात १७१० साली आला. जी मालमत्ता आपली नाही ती मृत्युपत्रात येईल कशी? ताळेबंदात दुसऱ्याची इमारत दाखवता येत नाही, एवढे तर प्रथम वर्षालाच शिकवतात. त्या काळच्या इतर नाटककारांचीही मूळ हस्तलिखिते क्वचितच उरली आहेत. उलट 'सर टॉमस मोअर' या नाटकाच्या हस्तलिखितातली काही पाने शेक्सपिअरच्याच हातची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्पेलिंगचे म्हणाल, तर तेव्हा कोणाचेच नाव एका पद्धतीने लिहिले जात नव्हते.

उलट अर्लच्या खात्याचे पाहा. ऑक्सफर्डचा अर्ल जून १६०४ मध्ये वारला. 'किंग लिअर', 'मॅक्बेथ' ही नाटके सर्वसाधारणपणे त्यानंतरची समजली जातात. 'टेम्पेस्ट'वर १६०९ साली बर्म्युडाजवळ फुटलेल्या जहाजाच्या हकिगतीची छाप आहे. शेवटची नाटके तर जॉन फ्लेचर या तरुण नाटककाराच्या सहकार्याने लिहिलेली आहेत. मेलेल्या माणसाच्या खात्यावर दहा वर्षे जमा पडत राहिली, तर ऑडिटर काय म्हणेल ते सांगायला नको. बेकनच्या गुप्त लिपीचा निकाल तर विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या जगप्रसिद्ध सांकेतिकलिपीतज्ज्ञ दांपत्याने १९५७ सालीच लावला. ज्या पद्धतीने हवे ते वाचता येते, ती लिपीच नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे हा खटला लुटुपुटीने चालवला गेला. तिथेही अर्लची बाजू टिकली नाही.

म्हणजे शेक्सपिअरच्या कर्तृत्वाविषयी प्रश्न विचारूच नयेत काय? अवश्य विचारावेत, पण खरे प्रश्न निराळे आहेत. 'टू नोबल किन्समेन' १६३४ साली छापले तेव्हा मुखपृष्ठावर फ्लेचर आणि शेक्सपिअर अशी दोन नावे होती. 'हेन्री दि एट्थ', 'पेरिक्लीझ', 'टायमन ऑफ अथेन्स', 'टायटस अँड्रॉनिकस' यांत दुसऱ्या नाटककारांचा हात असल्याचे अभ्यासक दाखवितात. २०१६ साली ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीने 'हेन्री दि सिक्स्थ'च्या तिन्ही भागांवर मार्लोचे नाव सहलेखक म्हणून छापले. हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो चांगला वाद आहे, कारण तो शब्द मोजतो, वाक्ये तपासतो, एकेक प्रवेश वेगळा काढून पाहतो. आपल्याकडे भासाच्या नाटकांचा वाद असाच सकारण आहे. गणपतिशास्त्र्यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ पासून जी तेरा नाटके छापली, त्यांच्या प्रस्तावनेत कवीचे नावच नाही. तिथे शंका घेतली नाही तरच चूक. नाव नसताना नाव शोधणे हे संशोधन. नाव असताना ते घराकडे पाहून खोडणे हा पूर्वग्रह.

आणखी एक गैरसमज काढून टाकावा. शेक्सपिअरने गोष्टी उसन्या घेतल्या, म्हणून तो लेखक नव्हे असेही काही जण सुचवतात. 'किंग लिअर'ची कथा त्याच्या आधीच रंगभूमीवर येऊन गेली होती, हे खरे. पण मग आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' केले, कुवेंपूंनी कन्नडमध्ये 'हॅम्लेट'वरून 'रक्ताक्षी' लिहिले. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या 'नटसम्राट'वर लिअरची सावली आहे. म्हणून गणपतराव बेलवलकर आपला नव्हे असे कोण म्हणेल? मुद्दल उसने असले तरी धंदा ज्याने केला, नफा त्याचा.

इंग्रज न्यायाधीशांनी १८९६ सालच्या किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात ऑडिटरविषयी जे सांगितले ते आम्हा वाणिज्यवाल्यांना तोंडपाठ असते : ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. चोरी झालीच आहे असे धरून त्याने वह्या उघडायच्या नसतात. पण वहीत खोट दिसली तर मुकाट बसायचेही नसते. शेक्सपिअरच्या बाबतीत शंकेखोरांनी चोरी आधी ठरविली आणि चोर मागाहून नेमला.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांना आणि आदरणीय प्राध्यापकांनाही माझे एवढेच सांगणे आहे. संशय घ्यायला कोणाची ना नाही. नक्कल करणारे आमच्यात आहेत, दुसऱ्याकडून लिहून घेणारेही आहेत. त्यांना पकडलेच पाहिजे. परंतु पकडायचे ते लिखाणावरून. समोर बसवा, त्यातले एक वाक्य वाचा, त्याचा अर्थ विचारा, पुढचे वाक्य लिहायला सांगा. लिहिणारा असेल तर दहा मिनिटांत कळेल, नसेल तर पाच मिनिटांत. शाळेचे नाव, माध्यम, बापाचा धंदा, गावाची वस्ती ही या परीक्षेची साधने नव्हेत. स्ट्रॅटफर्डच्या त्या हिशेबी माणसाच्या नावे पावत्या आहेत, त्या काळच्या आहेत आणि एकमेकींशी जुळतात. त्या खोट्या ठरवणारी दुसरी पावती कोणी आणली तर ती अवश्य तपासू. तोवर 'हॅम्लेट' त्याच्याच खात्यावर जमा राहील.